कडी आतून

"परत?" मॅडमनी लाल पेनाचं टोपण दातांनी उपटलं. "अहो दोनदारे, परत तेच?"

आणि नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातल्या दारावर त्यांनी अशी फुली मारली की कागद टरकन फाटला.

ड्राफ्ट्समन टेबलाच्या अलीकडे हात मागे बांधून उभा होता. दोनदारे हे काही त्याचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं तो या कचेरीत नकाशे काढत होता, आणि कुठल्याही खोलीला एक दार काढ म्हटलं की गडी दोन काढायचा. न्हाणीघराला दोन, अडगळीच्या खोलीला दोन. एकदा तर एका बँकेच्या तिजोरीच्या खोलीलाच त्यानं मागून दुसरं दार काढून दिलं. तेव्हाचे मोठे साहेब, म्हणजे या मॅडमचे वडील, हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. हे नाव त्यांनीच ठेवलं. ते असं चिकटलं की नव्यानं कामाला लागलेल्यांना ते त्याचं खरंच आडनाव वाटायचं. खोडून खोडून सगळे थकले, तो काढायचा थकला नाही.

"मॅडम, वृद्धाश्रमाचं अंगण लांबलचक आहे," तो म्हणाला. "मागच्या टोकाला कुणी असलं आणि..."

"आणि काय?"

"आणि पटकन बाहेर पडायचं झालं तर."

"कशाला पडायचंय बाहेर? विसरभोळी माणसं ती. मागच्या वर्षी एक आजोबा अनवाणी पार हमरस्त्यावर सापडले. एकच दार, सिस्टरच्या खोलीसमोर. येणारा-जाणारा दिसला पाहिजे. दुसरं हवं असेल तर मला कारण द्या."

कारण होतं. अठ्ठेचाळीस वर्षं होतं. पण ते घशातून वर येईल तर शपथ.

त्याचं तोंड पाहून मॅडमना थोडं वाईट वाटलं असावं. त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, हे काम मी पूर्ण तुमच्यावर सोडलंय. पहिल्यांदाच. तिथल्या लोकांत जा, त्यांना काय हवंय ते विचारा. आजी-आजोबांनी एकत्र यावं, चार शब्द बोलावेत, असं अंगण हवंय आपल्याला. दारं मोजत बसू नका."

"बरं," तो म्हणाला, आणि फाटलेला कागद गुंडाळून जाग्यावर गेला.

तो वृद्धाश्रम म्हणजे समोरासमोर दोन लांब बैठ्या इमारती. एक बायकांची, एक पुरुषांची. खोल्यांची दारं बाहेरच्या व्हरांड्यांत उघडायची आणि खिडक्या मधल्या मोकळ्या जागेकडे. या जागेच्या बरोबर मधून डोक्यापेक्षा उंच भिंत गेलेली. कुणी आणि कशासाठी बांधली कुणास ठाऊक, पण होती. ती पाडायची, मागचं टोक नवा हॉल बांधून बंद करायचं, पुढच्या टोकाला सिस्टरची खोली आणि एक दार, आणि मधे झाडं, सावली, बसायला बाक. कागदावर झकास दिसत होतं सगळं.

सिस्टर म्हणजे आश्रम चालवणाऱ्या बाई. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, आवाज अजून वॉर्डातलाच. त्यांनी ड्राफ्ट्समनला खोल्याखोल्यांतून फिरवलं. तो वही घेऊन लिहीत गेला. एकाला हाताला धरून उठता येईल असा बाक हवा होता. एकीला ऊन हवं होतं, तिच्या शेजारणीला मुळीच नको होतं, आणि त्यावरून दोघी त्याच्यासमोरच कडाकडा भांडल्या. एक आजोबा म्हणाले, मला काही नको, तेवढी कबुतरं हाकला.

पुरुषांच्या बाजूला सगळे म्हणायला लागले, मास्तरांना विचारा, मास्तरांना विचारा. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. अठ्ठ्याहत्तर वय, दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री, हातात पितळी मुठीची काठी. ते कुणाचं पत्र लिहून द्यायचे, कुणाच्या औषधाच्या वेळा सांभाळायचे, सगळ्यांना हसवायचे. असा माणूस प्रत्येक आश्रमाला मिळावा, असं सिस्टर येईल त्याला सांगायच्या.

"माझी बायको पलीकडे आहे बरं का," मास्तर ड्राफ्ट्समनला म्हणाले. "माझ्या दोन वर्षं आधी आली इथं. मला न सांगता. रुसवा हो! मी आपला शोधत शोधत आलो मागून. तरी महाराणी दर्शन देत नाहीत." सगळे हसले. "तर तुम्ही असं करा. ते समोरासमोर बाक वगैरे ठीक आहे, पण एक असा करा की जोडीनं बसता येईल. अगदी खेटून."

"बघा," सिस्टर ड्राफ्ट्समनच्या कानात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "या वयात!"

बायकांच्या इमारतीत अगदी शेवटची खोली मास्तरांच्या बायकोची. तिला सगळे टेलरबाई म्हणायचे. खिडकीशी मशीन मांडून ती आश्रमातल्या सगळ्यांचे उसवलेले कपडे शिवायची. खडूस म्हणून तिचा लौकिक होता. भेटायच्या दिवशी सगळे बाहेरच्या खोलीत जमायचे, ही बाई दार लावून आत. सिस्टरना फोन आला म्हणून त्या गेल्या, आणि ड्राफ्ट्समन उंबऱ्यावर एकटाच उभा राहिला.

"बाई, अंगणात तुम्हाला काय हवं?"

"भिंत," मशीन न थांबवता ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"आहे ती भिंत. तेवढी राहू द्या. बाकी काय ते तुमचं तुम्ही करा."

तो पुढं विचारणार होता, तेवढ्यात तिनं कापड सरकवायला डावा हात पुढं केला आणि बाही वर गेली. मनगट आणि कोपर यांच्या मधे तिचा हात वाकडा होता. प्लास्टर न घालता जुळलेलं हाड असं दिसतं. डोक्यावर येणारा घाव माणूस हातावर झेलतो, तेव्हा नेमकं तिथलं हाड मोडतं. ड्राफ्ट्समनला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या आईचा उजवा हात तिथंच वाकडा होता.

"मास्तरांमुळे?" त्यानं हळूच विचारलं.

मशीन थांबलं. बाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्हाला काय माहीत?"

"काही नाही."

"मग बोलू नका." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

ड्राफ्ट्समनच्या बापाच्या घरी स्वयंपाकघराला एकच दार होतं. खिडकी होती, पण तिला गज. बाप खाणीत दगड फोडायला जायचा, आणि घरी आल्यावरही त्याचे हात थांबत नसत. पाणी द्यायला उशीर झाला, कुणी मोठ्यानं खोकलं, कशावरूनही सुरू व्हायचं. पूर्वी आई निसटायची. शेजारी पळायची, तासाभरानं यायची, तोवर बाप निवळलेला असायचा. मग बापाला युक्ती सुचली. पोरगं नऊ वर्षांचं झालं होतं. बापानं त्याला बखोटीला धरून दारात उभं केलं आणि सांगितलं, "हलायचं नाही. ही बाहेर गेली तर तुझी तंगडी मोडीन."

पोरगं उभं राहिलं. दोन्ही हात चौकटीला लावून. आतून पट्ट्याचा आवाज, भांडी पडल्याचा आवाज. आई एकदा धावत त्याच्यापर्यंत आली. तिनं ढकललं असतं तर ते काडीपैलवान पोर उडालं असतं. पण तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती आपणहून मागे फिरली. फिरली ती थेट बापाच्या हातात. त्या दाराला कडी नव्हती. तीन वर्षं कडी तोच होता.

पहिल्या दिवशी सगळं संपल्यावर बाप बाहेर निघून गेला. आईनं फुटलेला ओठ बाहीला पुसला. पोरगं अजून दारातच, हात चौकटीला तसेच. ती म्हणाली, "किती वेळ उभा आहेस रे. पाय दुखले असतील. बस."

तो बसला. पुढं आई गेली, बाप गेला, त्याचे स्वतःचे केस पिकले. बापाच्या माराचे वळ तो विसरला, पण ते 'बस' काही विसरला नाही. तिनं एक सणसणीत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला आजही वाटायचं. आता हे असलं कारण मॅडमना लाल पेनासमोर कसं द्यायचं?

एकतीस वर्षांत केली नव्हती ती लबाडी मग त्यानं केली. अंगणाचे पाच कागद मॅडमनी म्हटल्याप्रमाणे काढले, एकच दार. सहावा कागद सुतारकामाचा होता. खिडक्यांच्या चौकटी, बाकांच्या फळ्या, असल्या बारीकसारीक गोष्टींचा. तो कधी कुणी वाचत नाही, फक्त सुतार आणि गवंडी वाचतात, आणि त्यांच्यासाठी कागदावर जे आहे ते ब्रह्मवाक्य. त्या कागदाच्या कोपऱ्यात त्यानं ते दार काढलं. मागच्या टोकाला, अंगणातून बायकांची इमारत आणि नवा हॉल यांच्या मधल्या बोळात जाणारं. अंगणाच्या बाजूला उघडणारं, आत शिरून मागे ओढून घेता येईल असं. आणि शेजारी त्याच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: कडी आतून. मॅडमनी फोनवर कुणाला तरी झापता झापता पाचांवर सही केली आणि सहाव्यावरही केली.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन टेलरबाईकडे गेला.

"मला नकाशे कळत नाहीत," ती म्हणाली. "बोट ठेवून दाखवा."

त्यानं बोट ठेवलं. "ही तुमची खोली. हा बोळ. हे दार. तुम्ही आत यायचं, दार ओढायचं, कडी घालायची. कडी तुमच्या बाजूला."

"अंगणातल्या बाकापासून किती पावलं?"

त्यानं पट्टीनं मोजलं. "तुमची चौदा."

"चौदा," ती म्हणाली. कागदावरचं त्याचं बोट बाजूला करून तिनं आपलं बोट त्या जागी ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग टेप गळ्यात अडकवली आणि कामाला लागली. आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि त्यालाही ते नकोच होते.

भिंत पाडायला दोन गवंडी लागले. घणाचा पहिला घाव बसला तशा दोन्ही इमारतींच्या खिडक्या थरथरल्या. विटा कडक होत्या, सहजासहजी ऐकत नव्हत्या. घण उचलायचा, हुंकार टाकायचा आणि हाणायचा. पुरुषांच्या बाजूला मास्तर खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक घावाला "शाब्बास!" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी डोक्याएवढ्या उंचीवर पहिलं भोक पडलं. गवंडी पाणी प्यायला गेले. ड्राफ्ट्समन बाजूला वाकून टेप लावत होता, तो मास्तरांना दिसला नाही. मास्तर उठले, काठी टेकत भिंतीशी आले आणि त्यांनी भोकाला तोंड लावलं.

पलीकडे टेलरबाई वाळलेले कपडे काढत होती.

"सापडलीस," मास्तर म्हणाले. आवाज अगदी हळू, लाडात बोलल्यासारखा. "तिथं घरी मला एकट्याला टाकून आलीस. त्याचा हिशेब द्यायचाय अजून. आता कुठं जाशील?"

कपडे धुळीत पडल्याचा आवाज आला. मास्तर मागे वळले, ड्राफ्ट्समन दिसला, तसे छान हसले. "कशी आहेस म्हटलं जोडीदारणीला!"

ड्राफ्ट्समननं टेप तिथंच टाकली. तो तसाच धुळीनं माखलेला सिस्टरच्या खोलीत गेला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. त्याला वाटत होतं, नर्सबाई आहेत, त्यांना कळेल.

"थट्टा करतात हो ते," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांची करतात."

"त्या बाईंचा हात बघितलात का तुम्ही?"

"पडल्या होत्या लहानपणी. त्यांनीच सांगितलंय मला." सिस्टरचा आवाज चढला. "हे बघा, तुम्ही नकाशे काढा. माणसं मी चाळीस वर्षं बघतेय. दोघं एकटी आहेत, हट्टानं कुढतायत. अंगण सुरू होईल त्या दिवशी पहिल्या बाकावर मी त्यांनाच बसवणार आहे. बघाल तुम्ही, विरघळतील."

"बसवू नका," तो म्हणाला. एवढंच म्हणता आलं. स्वतःची त्याला इतकी चीड आली की बाहेर येऊन त्यानं विटेला लाथ घातली आणि अंगठा फोडून घेतला.

अंगण सुरू व्हायचा दिवस उजाडला तो चांगला लख्ख. मागचं दार सुतारानं त्याच सकाळी बसवलं होतं. ड्राफ्ट्समन आधी ते बघणार होता, पण शिरता शिरताच सिस्टरनी त्याला बाक सरकवायला धरलं. त्यानं लांबून पाहिलं. दार होतं, उघडं होतं, भिंतीला टेकून उभं होतं. त्याला हायसं वाटलं.

चारच्या चहाला सगळे जमले. पुढच्या दाराशी इतकी गर्दी झाली की खुर्च्याच खुर्च्या. सिस्टर आत जाऊन टेलरबाईला हाताला धरून घेऊनच आल्या. बाई येत नव्हती, ओढली जात होती, पण सगळे टाळ्या वाजवत होते आणि टाळ्यांत कुणाचं काही दिसत नाही. तिला लांब बाकावर बसवलं. मास्तर शेजारी खेटून बसले. त्यांनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला.

"वा वा!" कुणीतरी ओरडलं.

ड्राफ्ट्समन दहा पावलांवर होता. त्याला मास्तरांचा अंगठा दिसत होता. तो बरोबर त्या वाकड्या जागेवर होता आणि दाबत होता. मास्तर सगळ्यांकडे बघून हसत होते.

"सोडा," बाई म्हणाली.

"बस गप. लोक बघतायत."

"सोडा म्हणते ना!" तिनं हात हिसडला, कप उडाला, चहा मास्तरांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला, आणि ती उठून उभी राहिली.

मास्तरांचं हसू तसंच होतं. त्यांनी बसल्या बसल्या काठी उलटी धरली आणि पितळी मूठ तिच्या कानावर हाणली.

काही जण हसले. खरंच हसले, त्यांना तीही मास्तरांची गंमतच वाटली. दुसरा घाव खांद्यावर बसला तेव्हा त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. बाई कोलमडली, बाकाला धरून सावरली. मास्तर आता उभे राहिले होते. "पळून येतेस? मला सोडून पळून येतेस?" तिसरा घाव तिनं हातावर झेलला. सवयीनं, डाव्याच. पुढच्या दाराकडे खुर्च्यांची गर्दी होती, माणसं नुसती बघत होती. ती मागे वळली आणि धावली.

चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेली बाई ती, चौदा पावलं धावली. कानातून रक्त येत होतं. ती दारातून आत शिरली आणि तिनं दार मागे ओढून घेतलं.

दार मिटलं तेव्हा ड्राफ्ट्समनला कडी दिसली. ती अंगणाच्या बाजूला होती. नवीकोरी, चकचकीत, त्याच्या डोळ्यांसमोर. पलीकडून बाईचा हात फळीवर चापचाप फिरत होता. ती कडी शोधत होती. वर, खाली, पुन्हा वर. तिथं नुसतं लाकूड होतं.

सुताराची चूक नव्हती. कागदावर लिहिलं होतं, कडी आतून. आणि अंगण इमारतीच्या आतच होतं की! आत म्हणजे कुठल्या आत, हे लिहायला एक शब्द जास्त लागला असता, आणि या एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसानं तो लिहिला नव्हता.

या बाजूनं कडी घालून उपयोग नव्हता. मास्तर ती दोन बोटांनी काढणार. ड्राफ्ट्समन धावला, दाराशी पोचला, वळला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. हात आपोआप चौकटीला गेले.

"बाजूला हो," मास्तर म्हणाले. धाप लागली होती, ओठांच्या कडांना फेस होता. "आमच्या नवराबायकोतलं आहे."

"नाही."

"हो म्हणतो ना बाजूला!"

काठी त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर बसली. त्याच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. दुसरी बोटांवर बसली, चौकटीला धरलेल्या उजव्या हाताच्या बोटांवर, आणि आत काहीतरी कट्‌कन मोडलं. तिसरी तोंडावर. दात हलला, तोंडात रक्ताची चव आली. म्हाताऱ्याच्या अंगात एवढी ताकद येते कुठून, असं तिथं बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. त्याला नाही वाटलं. मारण्याची सवय असलेला हात कधी म्हातारा होत नाही, हे तो नवव्या वर्षापासून जाणून होता.

चौथ्या वेळी त्यानं डाव्या हातानं काठी पकडली आणि हिसकली. मास्तर तोल जाऊन मागे फरशीवर बसले. आता काठी याच्या हातात होती. मास्तरांचं डोकं त्याच्या कमरेच्या खाली होतं, पांढरे विरळ केस, कानशिलावर थडथड उडणारी शीर. त्याला मारायचं होतं. अगदी मनापासून मारायचं होतं, या म्हाताऱ्याला आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या त्या दगडफोड्याला, मेला तरी न मेलेल्याला. त्यानं काठी डोक्याच्या वर नेली.

पण मारायला जायचं तर दोन पावलं पुढं जावं लागणार होतं. दार सोडावं लागणार होतं.

त्यानं काठी खाली टाकली आणि पाठ पुन्हा फळीला टेकवली.

"बघा हो, बघा," मास्तर फरशीवरून रडव्या आवाजात ओरडले. "मला म्हाताऱ्याला मारायला उठला हा!"

सिस्टर धावत आल्या. "लाज नाही वाटत? वडिलांच्या वयाच्या माणसावर..." म्हणत त्या काठी उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पितळी मुठीला रक्त होतं, आणि रक्तात पांढऱ्या केसांचा झुपका चिकटला होता. बायकांचे असतात तसे लांब केस. सिस्टरनी ते बोटांनी सोडवले. चाळीस वर्षं माणसं बघितलेल्या त्या बाईचा चेहरा उतरत उतरत गेला.

"मास्तर, उठा," त्या म्हणाल्या. हा वॉर्डातला आवाज नव्हता. "चला माझ्याबरोबर."

"अहो सिस्टर, ती थट्टा..."

"उठा म्हणते ना! बाहेरच्या खोलीत बसायचं, मी फोन करून येईपर्यंत हलायचं नाही. या आश्रमात तुमची ही शेवटची संध्याकाळ." त्यांनी मास्तरांना दंडाला धरून उठवलं आणि त्या खुर्च्यांमधून त्यांना घेऊन गेल्या. कुणीही मास्तरांकडे पाहिलं नाही. मास्तर दारापर्यंत सगळ्यांकडे बघून हसत होते.

गर्दी पांगली. कप तसेच पडले होते. बोळाच्या पलीकडच्या बाजूनं सिस्टर औषधांची पेटी घेऊन टेलरबाईकडे गेल्या, त्यांचं हळू आवाजातलं बोलणं दारातून ऐकू येत राहिलं. थोड्या वेळानं तेही थांबलं. ड्राफ्ट्समन मात्र तिथंच, तसाच. बोटं सुजून जाड झाली होती. एक आजोबा येऊन "झालं हो आता, चला" म्हणून गेले. त्याला चला म्हणजे काय तेच कळेना. पाय हलत नव्हते.

मॅडम साडेपाचला आल्या. सिस्टरनी त्यांना पुढच्या दाराशी सगळं सांगितलं असावं, कारण त्या अंगणातून आल्या त्या न बोलता. समोर उभ्या राहिल्या. त्याच्या तोंडाकडे, हाताकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागच्या दाराकडे.

"हे मी खोडलं होतं," त्या म्हणाल्या.

"सहाव्या कागदावर आहे. तुमची सही आहे त्याच्यावर."

"आणि कडी उलट्या बाजूला आहे."

"हो. ती चूक माझी. आतून असं लिहिलं मी."

मॅडमनी पर्स उघडली, लाल पेन काढलं, आणि त्याच्या खांद्याच्या बाजूनं वाकून नव्या फळीवर कडीच्या आरपार एक ठसठशीत बाण काढला, पलीकडे जाणारा. खाली लिहिलं: कडी बोळाच्या बाजूला. आणि सही केली. "सुताराला आत्ताच्या आत्ता बोलावते," त्या म्हणाल्या. "तोवर..." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. फोन काढून त्या लांब गेल्या.

तोवर तो होताच.

मागून फळीवर टकटक झाली. "कोण आहे?" टेलरबाईचा आवाज जाड, सुजलेला येत होता.

"मी. नकाशावाला."

"ते गेले?"

"गेले. सुतार येतोय. कडी तुमच्या बाजूला लावून देतो. मग जातो मी."

पलीकडे पावलं लांब गेली, काहीतरी फरशीवरून घासत जवळ आलं, आणि दार त्याच्या पाठीला हळूच लागलं. तो जरासा बाजूला झाला. फटीतून आधी एक लाकडी पाय बाहेर आला, मग तिचं मशीनपुढचं स्टूल. त्याच्या मागं बँडेज बांधलेला वाकडा हात.

"तेव्हापासून उभेच आहात," ती म्हणाली. "पाय दुखले असतील. बसा."

ड्राफ्ट्समनला काहीतरी म्हणायचं होतं, पण तिनं दार पुन्हा ओढून घेतलं होतं. त्यानं डाव्या हातानं स्टूल सरळ केलं, दाराला भिडवलं, आणि तो बसला.